कपात आठ औंस असतात, पण कोणते?

‘आठ औंस म्हणजे एक कप, मग पदार्थ कोणताही असो’ हे वाक्य पाककृतींबरोबर वर्षानुवर्षे पुढे पाठवले जाते. नाव सारखे असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकी मोजमापांत औंस हे वजनाचे एकक आहे आणि फ्लुइड औंस हे आकारमानाचे. कप भरतो तो आठ फ्लुइड औंसांनी.

अमेरिकी गॅलन २३१ घन इंचांचा ठरलेला आहे आणि एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे तो गॅलन ३.७८५ लिटरचा होतो. त्याचे १२८ भाग केले की एक फ्लुइड औंस सुमारे २९.५७ मिलिलिटर आणि कप सुमारे २३७ मिलिलिटर येतो. वजनाचे आठ औंस मात्र सुमारे २२७ ग्रॅम. म्हणजे पाण्याच्या बाबतीतही हे गणित तंतोतंत जुळत नाही. १८२४ साली ब्रिटनने ठरवलेल्या गॅलनमध्ये दहा पौंड पाणी मावत असे, त्यामुळे तिथला फ्लुइड औंसभर पाणी औंसभरच भरे. गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असावे.

पडताळणी सोपी आहे. स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणावा आणि त्यात मैदा अलगद भरावा: साधारण १२० ते १३० ग्रॅम भरेल. त्याच कपात मध भरल्यास आकडा ३३० च्या पुढे जातो. म्हणून कोरड्या जिन्नसापुढे ‘औंस’ लिहिलेले असेल तर ते वजन करूनच घ्यावे, आणि द्रवापुढे असेल तर मापाच्या भांड्याने.