बदाम नव्हते, नारळ होता: माहा ब्लांकाची पार्श्वभूमी

माहा ब्लांका हा फिलिपिन्समध्ये नाताळाला आणि गावच्या जत्रेला हमखास होणारा गोड पदार्थ. नारळाचा रस, साखर आणि कॉर्नफ्लोअर एकत्र शिजवून ताटात ओतायचं, गार झालं की खरवसासारख्या लुसलुशीत पांढऱ्या वड्या पाडायच्या. वरून ‘लातिक’ नावाचा खमंग तपकिरी चुरा. कृती सोपी आहे. तिच्यातला एकेक जिन्नस मात्र वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटेने त्या भांड्यात पडला आहे.

नाव स्पेनचं. तिथला ‘मांहार ब्लांको’ मध्ययुगात श्रीमंतांच्या पंगतीला असे: कोंबडीच्या छातीच्या मांसाचे तंतू सोडवून ते बदामाचं दूध, तांदळाचं पीठ आणि साखर यांत शिजवायचे. पुढे कोंबडी मागे पडली, पांढरं गोड दाट दूध उरलं. स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये सेबूत वस्ती केली, १५७१ मध्ये मनिला राजधानी केली आणि आपल्या खाण्याच्या सवयी सोबत नेल्या. बेटांवर बदाम पिकत नव्हता. दुभत्याचीही बहुतेक ठिकाणी चाल नव्हती. पांपांगासारख्या भागात म्हशीच्या दुधाचा ‘तिबोक-तिबोक’ होतो, तो माहा ब्लांकाचा सख्खा भाऊ. पण इतरत्र पांढरं दूध म्हणजे नारळाचंच.

म्हणून ‘बदामाऐवजी नारळ वापरला’ अशी या पदार्थाची गोष्ट सांगितली जाते. मला ती उलटी वाटते. रस काढण्याची रीत तिथे आधीपासून होती, परका पदार्थ येऊन तिच्यात मिसळला. मॅगेलनच्या ताफ्यातल्या आंतोनियो पिगाफेत्ताने १५२१ मध्ये, म्हणजे स्पॅनिश राजवट येण्याच्या कितीतरी आधी, याच बेटांवरच्या नारळाचं बारकाईने वर्णन केलं आहे. खोबरं किसायचं, नारळाच्याच पाण्यात कालवायचं, फडक्यातून पिळून घ्यायचं, की शेळीच्या दुधासारखं दूध मिळतं, असं तो लिहितो. कोकण-गोव्यातल्या कुणालाही ही कृती शिकवावी लागणार नाही. गोव्याचा दोदोल हा गोड पदार्थ तर फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या मरानाओ लोकांकडेही होतो, तिथेही नारळाच्या रसातच.

नारळाच्या बागा वाढल्या त्यामागे मात्र सक्ती होती. १६४२ च्या फर्मानाने प्रत्येक स्थानिक माणसाला २०० माड लावायचा हुकूम झाला. काथ्या आणि करवंटीचा कोळसा गलबतांच्या कामाला लागे. मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये ही गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चालली. त्याच वाटेने मेक्सिकोचा मका फिलिपिन्सला आला आणि सेबूकडे तर रोजच्या जेवणातला झाला. वाट दुहेरी होती: फिलिपिनो खलाशांनी माडी काढण्याची विद्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर इतकी रुजवली की, तिच्यामुळे स्पेनहून येणारी दारू खपेना, अशी तक्रार १६१९ मध्ये थेट राजाकडे गेली.

मक्याचं स्टार्च, म्हणजेच कॉर्नफ्लोअर, त्यानंतरचं. अमेरिकेत १८४० च्या दशकात ते आधी कपड्यांच्या खळीसाठी निघालं, स्वयंपाकात मागाहून शिरलं. १८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि डबाबंद दुधाची तिथे चांगलीच चलती झाली. आजच्या घरगुती कृतींत कंडेन्स्ड मिल्क आणि डब्यातले मक्याचे दाणे सर्रास असतात. काही घरांत अजूनही कोवळा मका किसून त्याचा रस घालतात. चव त्याचीच सरस लागते.

लातिक मात्र जुनं आणि पूर्णपणे तिथलं. पहिला जाड रस मंद आचेवर आटवत ठेवायचा. आधी तो फुटतो, मग तेल सुटून वर येतं आणि खाली राहिलेला साका हळूहळू तांबूस होतो. तो तपकिरी झाला की लगेच उतरवायचा, नाहीतर कडवट होतो. सुटलेलं तेल ताटाला लावायचं, म्हणजे वड्या सुटून येतात. आपल्याकडे आवेल, म्हणजे नारळाचा रस आटवून मिळणारं तेल, काढतात तीच ही क्रिया. फरक इतकाच की तिथे तेलाइतकाच मान साक्यालाही आहे.

घरी करायचं तर चार कप रसाला पाऊण ते एक कप कॉर्नफ्लोअर लागतं. ते थोड्या गार रसात आधी कालवून घ्यावं, गरम रसात थेट टाकलं तर गुठळ्या होतात. सतत ढवळत राहावं, कच्ची चव गेली आणि मिश्रण कडेने सुटू लागलं की ओतावं. लातिकसाठी ओला नारळच घ्यावा. डब्यातल्या रसात तो फुटू नये म्हणून बहुधा काही घातलेलं असतं, त्यामुळे कितीही आटवला तरी त्याचं तेल धड सुटत नाही.