नाशकात जन्मलात, मग अनुसूचित जमातीचा दाखला कुठून काढायचा?

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरीला आलेली घरं पंचवटी, सातपूरकडे कधीच स्थिरावली. पोरांचा जन्म शहरातला, शाळा शहरातली, रेशनकार्डही इथलंच. सेतूवाला आधारवरचा पत्ता बघतो, अर्ज नाशिकला टाकतो आणि तो नामंजूर होऊन येतो.

तुम्ही आज कुठे राहता याला इथे किंमत नाही. अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या दिवशी, म्हणजे 6 सप्टेंबर 1950 रोजी, तुमचे आजोबा-पणजोबा जिथे राहत होते, तिथल्या प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज जातो. गाव सुरगाण्यातलं असेल तर कळवणच्या प्रांताकडे. "शहरात राहता, मग आदिवासी कसले?" असं कुणी ऐकवलं तर परत फिरू नका. राज्यातल्या राज्यात लावलेलं क्षेत्रबंधन, म्हणजे ठरावीक भागात राहणाराच आदिवासी ही अट, 1976 च्या दुरुस्ती कायद्यानेच उठलं.

या तारखेचा आणखी एक उलटा अर्थ लावतात: 1950 आधीचा शाळेचा दाखला हवाच. अहो, ज्या पाड्यावर शाळाच नव्हती तिथला दाखला कुठून आणायचा? तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये कलम 36 अ चा (आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावरच्या बंधनाचा) शेरा असेल तर तोही जोडा. कागद वडिलांकडचेच लागतात; लग्न झालेल्या बाईलासुद्धा माहेरचेच, सोबत नाव बदलल्याचा पुरावा. बाकी आधार, फोटो, वंशावळीचं शपथपत्र हे नेहमीचंच. अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) लागत नाही, तरी काही ठिकाणी मागतात. देऊ नका.

जातीच्या रकान्याकडे नीट बघा. जमात 'महादेव कोळी', पण गुरुजींनी घाईत नुसतं 'कोळी' लिहिलं आणि 'महादेव' राहून गेलं, असे उतारे हमखास निघतात. तिथे स्वतःच्या पेनाने शब्द घालायचा विचारही करू नका. दाखले तपासणाऱ्या समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडतं, शाई वेगळी दिसली की भाऊ-बहिणींचे दाखलेही संशयात येतात. नोंद आहे तशी द्या आणि घराण्यातल्या दुसऱ्या कुणाची पूर्ण नोंद शोधून जोडा.

दाखला हाती आला म्हणजे व्हॅलिडिटी (दाखल्याची पडताळणी) झाली, असं नाही. तो अर्ज वेगळा, नाशिकच्या तपासणी समितीकडे, कॉलेजच्या पत्रासह. अकरावीतच करा, सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांच्या जागा दरवर्षी हातच्या जातात. सख्ख्या काकाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर ती सगळ्यात वर लावा.

समितीच्या चौकशीत कुलदैवत, लग्नाच्या रीती, वाघबारशीचा सण, कणसरी देवी असलं विचारतात. सातपूरच्या चाळीत वाढलेलं पोर गडबडतं. आजी-आजोबांना आधी विचारून ठेवा, पण उत्तर चुकलं म्हणून धीर सोडू नका: ही आप्तभाव चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. जुना पक्का कागद असेल तर त्याचं वजन जास्त.

नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. प्रांताच्या नकारावर अपिलाची मुदत 30 दिवस, तीही आदेश हातात पडल्या दिवसापासून, म्हणून पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. समितीने व्हॅलिडिटी नाकारली तर मात्र थेट उच्च न्यायालयच.