'मानीव' म्हणजे काय मानलेलं?

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर 'मानीव अभिहस्तांतरण' असं लिहिलेलं होतं. बोलताना सगळे 'डीम्ड कन्व्हेयन्स'च म्हणत होते. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "मानीव म्हणजे मानलेलं ना? मग खरं कधी होणार?" सभेत कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही. त्या उत्तरासाठी १९६३ पर्यंत मागे जावं लागतं.

फ्लॅटचा करारनामा आपल्या नावावर असतो. पण इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे खरेदीखत (हेच अभिहस्तांतरण, इंग्रजीत कन्व्हेयन्स) होईपर्यंत बिल्डरची किंवा मूळ जमीनमालकाचीच राहते. घरांची तीव्र टंचाई आणि तिच्या आडून चाललेले गैरप्रकार पाहून राज्याने १९६३ मध्ये सदनिका मालकी हक्काचा कायदा केला. तोच आपला 'मोफा'. त्याच्या कलम ११ ने हे खरेदीखत करून देणं बिल्डरवर बंधनकारक केलं. करारात वेगळी मुदत नसेल, तर नियमांनुसार संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हायला हवं. न केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही होती.

पण सही बिल्डरच्याच हातात होती. जमीन नावावर राहिली की पुढे वाढणारा चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि टीडीआर (हस्तांतरित करता येणारा बांधकामाचा हक्क) यांवर हक्क सांगता येतो, मग तो सही कशाला करेल? कुठे भागीदारी मोडली, कुठे जमीनमालक वारले आणि वारसांचा पत्ता लागेना. संस्थेपुढे कोर्टाची पायरी चढण्याखेरीज वाट नव्हती. आमच्या फाइलमधल्या जुन्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डवर, मूळ मालकाच्या कुटुंबाचं नाव आहे, आणि त्याच फाइलमध्ये आम्ही वर्षानुवर्षं भरलेल्या मालमत्ता कराच्या पावत्या. बिल्डरला पाठवलेली तीन रजिस्टर पत्रं 'पत्ता बदलला' असा शेरा घेऊन परत आलेली. ती पाकिटं आम्ही अजून जपून ठेवली आहेत.

ही कोंडी फोडायला कायद्याला ४५ वर्षं लागली, हे मला आजही फार वाटतं. फेब्रुवारी २००८ मध्ये दुरुस्ती अमलात आली. आता संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, थेट अर्ज करू शकते. बिल्डरला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं. चौकशीअंती, कायद्याने घातलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीत, एकतर्फी दस्त करण्यास हे प्रकरण योग्य असल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात.

म्हणजे मानलेली आहे ती बिल्डरची न झालेली सही. दस्त मात्र खराच असतो, सही केलेल्या खरेदीखताइतका. हाच इंग्रजी 'डीम्ड' विद्यापीठापुढे लागला की मराठीत 'अभिमत' होतो, आणि तो कोणाला खटकत नाही. 'मानीव' शब्दाला मात्र बोलीतल्या 'मानलेला भाऊ'चा वास येतो, म्हणून लोकांना तो कच्चा वाटतो. एक मर्यादा खरी आहे. जमिनीच्या मालकीचाच वाद असेल तर उपनिबंधक त्याचा अंतिम निवाडा करत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत.

खाडीपलीकडे वाशी-नेरूळला चित्र वेगळं. तिथली जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे संस्थेच्या नावे होतो तो भाडेपट्ट्याचा हक्क. नव्या प्रकल्पांना २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्येही खरेदीखताची मुदत आहे, राज्याचा वेगळा कायदा नसेल तिथे भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांची.

दस्त नोंदला की बऱ्याच संस्था पेढे वाटून मोकळ्या होतात. मिळकत पत्रिकेवर जुनंच नाव राहतं, कारण तिथे संस्थेचं नाव चढवायला फेरफाराचा अर्ज वेगळा करावा लागतो. आजोबांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी खिशातून डायरी काढून 'फेरफार' एवढाच शब्द लिहून घेतला.