राखणदार, खलाशी, भाडेकरू : पोलीस ठाण्यात माहिती देताना अर्ज कुठे अडतो

कोकणात आंब्याच्या बागेत राखणीला माणूस ठेवला, होडीवर नवे खलाशी घेतले किंवा मुंबईत राहून गावचं घर भाड्याने दिलं, की त्या माणसांची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. काम साधं आहे आणि त्याला फी नाही. तरीही दर हंगामात बरेच अर्ज परत येतात, आणि एकदा परत आलेला कागद मालक पुन्हा काही नेऊन देत नाहीत.

घोळ मुळात तीन कामांची सरमिसळ होण्यातून होतो. माहिती देणं हे मालकाचं काम. चारित्र्य पडताळणीचा दाखला ही वेगळी गोष्ट. त्यासाठी त्या माणसाने स्वतः फी भरून अर्ज करायचा असतो. तिसरं काम भाडेकराराच्या नोंदणीचं, ते दुय्यम निबंधकाकडे होतं. माहिती दिल्यावर महिनोन् महिने दाखल्याची वाट बघणारे मालक आहेत. तो दाखला येणार नसतो, कारण तो मागितलेलाच नसतो. तुमच्या हातात हवी ती पोच.

मुदतीचंही तसंच. माहिती देण्याचं बंधन जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने येतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. असा आदेश साधारण दोन महिन्यांपुरता असतो आणि मग नवा निघतो. जुन्या आदेशाचं कात्रण दाखवून ‘मुदत संपली, आता गरज नाही’ म्हणणाऱ्यांना पुढच्या आदेशाचा पत्ताच नसतो. माणूस आला की लगेच माहिती द्या, तारखा मोजत बसू नका. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

कागद मोजकेच : मालकाचं ओळखपत्र, राहणाऱ्याचा फोटो आणि ओळखपत्र, त्याचा मूळ पत्ता, मोबाइल नंबर. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म आहे; लॉगिन करून भरता येतो. तिथे पोलीस ठाणं निवडताना जपा. किनाऱ्यावर नाटे, पूर्णगड, दिघी अशी सागरी पोलीस ठाणी आहेत आणि तालुक्याचं ठाणं निराळं. गाव कोणाच्या हद्दीत येतं ते पोलीस पाटलांना विचारा. चुकीच्या ठाण्याकडे गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नेपाळी कामगारांचे. बागांत आणि होड्यांवर ही माणसं वर्षानुवर्षं येतात, पण त्यांच्याकडे बहुतेक वेळा आधार नसतं, असते ती नेपाळची नागरिकता, म्हणजे तिथल्या नागरिकत्वाचा दाखला. तिच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स जोडली जाते आणि त्यावर जन्मसाल 2055 असं काहीतरी असतं. ते विक्रम संवत आहे. फॉर्ममध्ये तसंच टाकलं, की माणूस अजून जन्मलाच नाही असं दिसतं आणि अर्ज नामंजूर. नागरिकतेच्या मागच्या बाजूला तोच तपशील इंग्रजीत, इसवी सनाच्या तारखेसह असतो. दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा आणि फॉर्ममध्ये मागची तारीख लिहा. पत्त्यातही खोच आहे. 2017 मध्ये तिथल्या जुन्या गाविस (गाव विकास समित्या) मोडून गाउँपालिका (ग्रामपालिका) झाल्या, त्यामुळे कागदावरचं नाव आणि माणूस सांगतो ते नाव जुळत नाही. दोन्ही लिहा, सोबत जिल्हा आणि वडा (वॉर्ड) नंबर. ‘नेपाळ’ एवढंच लिहून पाठवलेला पत्ता हा पत्ता नव्हे.

मुकादमाकडून माणसं घेणाऱ्यांनी एका आधारवर दहा जणांची बोळवण होऊ देऊ नये. प्रत्येकाचा कागद स्वतः पाहा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून चेहरा काळा झालेला असतो. तसला कागद घेणारा आणि देणारा दोघंही वेळ घालवतात. मूळ कागद मात्र त्याच्याकडेच राहू द्या. माणूस पळून जाईल या भीतीने नागरिकता कपाटात कुलूपबंद ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि ऐनवेळी दवाखान्यात किंवा सीमेवर तो अडकतो.

घराच्या बाबतीत अडचण वेगळी. असेसमेंट उतारा (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि चुलतभाऊ पाच. पोलिसांना मालकी कोणाची यापेक्षा घरात कोण राहतं हे हवं असतं, म्हणून घर ताब्यात देणाऱ्याने आपल्या नावाने माहिती द्यावी आणि घरपट्टीची पावती जोडावी. करार नोंदवताना मात्र नावाचा प्रश्न उभा राहतो. मुंबईकर भावंडांकडून कुलमुखत्यारपत्र आधीच करून घ्या. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हाच ते उरकतं. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500 रुपये आहे. ती वाचवायला गेलात आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर.

1993 साली रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली, तेव्हापासून या पट्ट्यात अनोळखी माणसाची चौकशी जास्त होते, आणि ते योग्यच आहे. पण गावात बंद घर फुटलं की पहिला संशय बाहेरच्या गड्यावर जातो. त्याची माहिती आधीच ठाण्यात असेल, तर त्याला वाचवायलाही तोच कागद कामी येतो. हे त्याला समजावून सांगा. फोटो द्यायला कचरणारी माणसं यानंतर स्वतःहून देतात.

पोच घ्या : ठाण्यात दिलीत तर शिक्का आणि तारीख असलेली, ऑनलाइन केलीत तर अर्ज क्रमांकाचा प्रिंट. गेल्या वर्षीची पोच यंदा चालत नाही, कारण त्याच झोपडीत यंदा त्याचा मेहुणा आलेला असतो. मे संपताना बाग सुटते, 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते आणि माणसं आपापल्या गावी जातात. तेव्हा कोण गेलं तेही ठाण्यात आणि पोलीस पाटलांना कळवा, त्या दिवसाची तारीख टाकून.