आमचा गूळ : चहात घाला, चिक्की करा, पिशवीही रंगवा

(मांजरपाटाच्या पिशवीतून एक किलो गूळ नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

नवीन ग्राहक बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात: गूळ एवढा काळपट का? तेव्हा आधी त्याचंच उत्तर.

दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची गुऱ्हाळं पेटतात. उसाचा रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापू लागला की भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी त्यात घालतात. रसातला गाळ त्याला धरून वर येतो, तीच मळी. आंबटपणा मारायला थोडा चुना लागतो. रस आटत १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी तयार होते आणि ११८ अंशांच्या आसपास गूळ. काहील नेमकी कधी उतरवायची हे आजही गुळव्या पाक बोटांवर घेऊन ठरवतो. एवढा आटलेला रस तांबूस-तपकिरी दिसणारच. जमिनीप्रमाणे, उसाच्या जातीप्रमाणे आणि हंगामाच्या दिवसांप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. नोव्हेंबरचा आणि मार्चचा गूळ सारखाच दिसला पाहिजे, असा आग्रह आम्ही धरत नाही, तुम्हीही धरू नये.

पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस पावडरीनं, म्हणजे रंग उडवणाऱ्या रसायनानं, उजळलेला असतो. ठेवून ठेवला की तोही हळूहळू काळा पडतो, कारण पावडरीनं फक्त रंग दबलेला असतो. आमच्या गुऱ्हाळवाल्यांकडून आम्ही असा गूळ घेत नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत १८९५ पासून गुळाची पेठ आहे आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या गावाच्या गुळाला एवढा मान आहे, तिथल्या माणसांनी तरी गूळ नुसता रंगावर घेऊ नये, चाखून घ्यावा. खारट लागला तर नाकारा, मग तो कितीही देखणा असो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गूळ ही साखरच आहे, फक्त आटवलेल्या रसातला थोडा लोह-चुना तिच्यात राहिलेला असतो. मधुमेह असलेल्यांना गूळ चालतो, असं आम्ही कोणालाही सांगत नाही. वर्षाच्या आतल्या बाळालाही देऊ नका.

साठवण

गूळ हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडच्या पावसात उघडा राहिला तर पाझरतो आणि मग त्याला बुरशी धरते. मृग लागायच्या आत तो पिशवीतून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि ओला चमचा घालू नका. उन्हाळ्यात दगडासारखा कडक झाला तर बत्ता मारत बसू नका. चाळणीत ठेवून दोन मिनिटं वाफ द्या, विळीनं सहज चिरला जाईल.

गुळाचा चहा न फाटता

चहा फाटला म्हणून ग्राहक गुळाला बोल लावतात. गूळ किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात, त्यामुळे दुधासोबत उकळला की दूध नासतं. उपाय सोपा आहे. पाणी, आलं आणि चहा पावडर उकळा, दूध घालून चांगली उकळी आणा, गॅस बंद करा. अर्ध्या मिनिटानं चिरलेला गूळ घालून ढवळा आणि गाळा. त्यानंतर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही. दोन कप चहाला दोन सपाट चमचे गूळ पुरतो. दूध ताजं असावं. सकाळचं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं असेल तर गूळ कसाही घाला, चहा फाटण्याचीच शक्यता जास्त.

शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की

लाडू पोरांकडून करवून घ्या. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, गार करून सालं पाखडा. पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि वेलची घालून मिक्सरवर थांबत थांबत फिरवा. दाण्याला तेल सुटलं की थांबा. तूप, दूध काहीही न घालता लाडू वळले जातात.

चिक्कीचा पाक मात्र मोठ्या माणसानंच करावा. तो उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि अंगावर उडाला तर कातडीला चिकटून बसतो. दाणे आणि गूळ समान घ्या. कढईत चमचाभर तुपावर गूळ मंद आचेवर वितळवा आणि ढवळत राहा. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा. थेंब ताणला गेला तर अजून वेळ आहे, कट्टकन मोडला तर पाक झाला. चिमूटभर खाण्याचा सोडा आणि दाणे घालून लगेच तूप लावलेल्या पोळपाटावर ओता, लाटा आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मारा.

उन्हाळ्यात मेथांबा करा. दोन कैऱ्यांच्या फोडी, मोहरी-हिंगाच्या फोडणीत चमचाभर मेथीदाणे, हळद, साधं लाल तिखट आणि मीठ. अर्धी वाटी पाण्यात फोडी मऊ झाल्या की फोडींच्या निम्म्याहून थोडा जास्त गूळ घाला आणि दाटसर होऊ द्या. कांदा-लसणाची चटणी यात घालू नका, कैरीची चव झाकून जाते.

आता पिशवी

पिशवीवर छापील चित्र नाही, हे आम्ही मुद्दाम केलंय. ती तुम्ही रंगवावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं तुमच्या घरात आहे आणि काळा रंग तर गुळातूनच मिळतो.

कलमकारी आणि अजरख या कापडावरच्या पारंपरिक नक्षीकामातला काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात. मूठभर गंजलेले खिळे, अर्धा लिटर पाणी आणि डब्याच्या तळाशी चिकटलेला ५० ग्रॅम गूळ काचेच्या बरणीत घाला. झाकण सैल ठेवा, कारण आंबताना वायू सुटतो आणि घट्ट झाकलेली बरणी फुटू शकते. बरणी खिडकीबाहेर ठेवा, वास येतो. दोन-तीन आठवडे अधूनमधून हलवा, मग गाळा. बरणीवर ‘खायचं नाही’ अशी चिठ्ठी आजच लावा.

तोवर पिशवी तयार करून ठेवा. नव्या मांजरपाटाला खळ असते. धुण्याचा सोडा घालून पाण्यात उकळा आणि खळखळून धुवा. काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याची पूड मिळते. दोन चमचे पूड तांब्याभर कोमट पाण्यात कालवा, पिशवी रात्रभर भिजवा आणि सकाळी पिळून सावलीत वाळवा. तिला फिकट पिवळसर रंग येईल. छापा फाकू नये म्हणून कलमकारीवाले हिरड्यासोबत म्हशीचं दूध वापरतात. कोल्हापुरात त्याची काय वाण! पाण्याऐवजी निम्मं दूध घेतलं तरी चालेल, फक्त पिशवी चांगली कडकडीत वाळवा, नाहीतर वास राहतो.

बरणीतलं गाळलेलं काळं पाणी छापायला पातळ असतं, म्हणून त्यात मैद्याची किंवा चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ मिसळून सरबरीत करा. पिठाच्या चौपट-पाचपट पाणी घेऊन काचेसारखं दिसेपर्यंत शिजवलं की खळ होते. हीच खळ पतंगाला, आकाशकंदिलाला आणि दिवाळीच्या किल्ल्याच्या पुठ्ठ्यालाही चालते. तीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे. पोरांच्या हातात असली खळ देऊ नका, लागेल तेवढी ताजी करा.

अर्ध्या बटाट्यावर सुरीनं नक्षी कोरा, पुसून कोरडा करा, मिश्रणात बुडवून पिशवीवर दाबा. उमटताना छापा करडा दिसतो आणि डोळ्यांदेखत काळा होत जातो, कारण हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाईही याच मेळातून होई. हा रंग फरशीवर आणि कपड्यांवर पक्का बसतो, तेव्हा खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि पोरांना जुने कपडे घाला.

छापा एक दिवस वाळला की पिशवी धुवा आणि दीड चमचा तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा. यानंतर कांद्याची सालं. उन्हाळ्यात घरोघरी चटणीसाठी कांदे चिरले जातात आणि सालांचा ढीग घंटागाडीत जातो. तो राखून ठेवा. पिशवीच्या वजनाएवढी वाळकी सालं पाऊण तास उकळून गाळा, त्या पाण्यात पिशवी अर्धा तास मंद आचेवर ठेवा आणि तशीच रात्रभर राहू द्या. सोनेरी ते तांबूस रंग येतो, काळी नक्षी त्यावर उठून दिसते. हळदीनंही पिवळा रंग येतो, पण उन्हात लवकर उडतो, म्हणून आम्ही तिचं नाव सुचवत नाही. रंगवायचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. पहिले दोन-तीन वेळा पिशवी वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा.

रंगवलेली पिशवी घेऊन पुन्हा गूळ न्यायला आलात, तर नवीन पिशवीचे पैसे लावत नाही. गुळात चिपाडाचा तुकडा, खडा किंवा खारटपणा आढळला तर पिशवीच्या नाडीला बांधलेली चिठ्ठी आणा. तिच्यावर गुऱ्हाळाचा नंबर आणि काहील उतरवल्याची तारीख असते. गूळ बदलून देऊ आणि त्या गुऱ्हाळवाल्याला तुमची तक्रार त्याच दिवशी कळवू.