मॉडेल 41 : एका लक्ष्यवेधी पिस्तुलावरच्या निष्ठेची पार्श्वभूमी

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने 1857 मध्ये आपले पहिले रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले, तेव्हा त्याच्यासोबत .22 शॉर्ट नावाचे, सुमारे 0.22 इंच व्यासाचे चिमुकले काडतूसही बाजारात आले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1957 मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील त्याच स्प्रिंगफील्ड शहरातून, त्याच कंपनीचे, त्याच व्यासाच्या काडतुसाचे एक पिस्तूल बाहेर पडले. त्याचे नाव मॉडेल 41. ज्यांच्याकडे ते आहे ती माणसे त्याच्याविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की त्रयस्थ माणसाला नवल वाटावे. हे प्रेम समजून घ्यायचे तर पिस्तुलाच्या आधी त्याचे काडतूस आणि ज्या स्पर्धेसाठी ते घडवले गेले ती स्पर्धा, या दोहोंकडे पाहावे लागते.

.22 हे रिमफायर जातीचे काडतूस, आणि त्या जातीची कल्पना 1845 च्या सुमारास पॅरिसमधील बंदूककार फ्लोबेर याने पुढे आणली. अशा काडतुसाच्या बुडाशी पत्र्याची दुमडलेली कड असते आणि ठिणगी देणारे मिश्रण त्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. पिस्तुलाची फायरिंग पिन काडतुसाच्या मध्यावर न पडता या कडेवर आदळते, कड चिरडली जाते आणि आतली दारू पेटते. कड चिरडायची असल्यामुळे पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्रा मोठा दाब सोसत नाही. म्हणूनच मोठ्या व्यासाची रिमफायर काडतुसे हळूहळू मागे पडली, पण .22 टिकले. 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याचाच लाँग रायफल हा प्रकार आणला आणि नेमबाजीच्या सरावाचे अर्थकारणच पालटले. चाळीस ग्रेन वजनाची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी, ध्वनीपेक्षा कमी वेग, नगण्य धक्का आणि बेताची किंमत असा हा मेळ होता. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे नेमबाजाला कारखान्याच्या कामावरच विसंबावे लागते. आपल्या पिस्तुलाला कोणत्या खेपेचे काडतूस मानवते याचा शोध हा या छंदाचा एक मोठा आणि माझ्या मते सर्वात रम्य भाग आहे.

आता स्पर्धेविषयी. अमेरिकेत जिला बुल्सआय म्हणतात ती नेमबाजी एका हाताने होते. दुसरा हात बहुतेकजण खिशात घालतात किंवा पट्ट्यात अडकवतात. पूर्ण सामना 2700 गुणांचा असतो. .22, सेंटरफायर (ज्याच्या मध्यावर पिन आदळते असे काडतूस) आणि .45 अशा तीन गटांत प्रत्येकी 90 गोळ्या झाडायच्या आणि प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त दहा गुण मिळवायचे. पन्नास यार्डांवरून सावकाश नेम धरायचा, आणि पंचवीस यार्डांवरून कधी वीस सेकंदांत पाच तर कधी दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 3.4 इंच व्यासाचे असते. पन्नास यार्ड म्हणजे सुमारे 46 मीटर. तितक्या अंतरावर, एका हाताने, उघड्या माशी-खाचेतून (पुढची माशी मागच्या खाचेत जुळवून) हे वर्तुळ धरणे किती कठीण आहे, हे ज्याने एकदा करून पाहिले त्यालाच नीट कळते. ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे 1907 पासून भरत आलेले राष्ट्रीय सामने ही या परंपरेची पंढरी होय.

या सामन्याच्या पहिल्या गटासाठी पिस्तूल हवे, आणि ते पुरवणाऱ्यांत स्मिथ अँड वेसनचा क्रमांक पहिला नव्हता. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीने 1915 पासून .22 चे स्वयंचलित, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारे, पिस्तूल विकायला सुरुवात केली होती, 1927 मध्ये त्याला वुड्समन हे नाव मिळाले आणि 1938 मध्ये जड, चपट्या बाजूंच्या नळीची मॅच टार्गेट ही आवृत्तीही आली. कनेक्टिकटमधील हाय स्टँडर्ड कंपनीने 1932 पासून या क्षेत्रात पाऊल टाकून पुढे सुपरमॅटिक मालिकेने सामन्यांची मैदाने जिंकली. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्यम मॅकमिलन यांनी जलदगती पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक मिळवले ते हाय स्टँडर्डच्याच पिस्तुलाने. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी 1949 मध्ये अवघ्या साडेसदतीस डॉलरांत एक पिस्तूल आणून किमतीचे गणितच बदलून टाकले. या तिन्ही पिस्तुलांचे चाहते आजही आहेत आणि त्यांच्या प्रेमाला सबळ कारणे आहेत.

स्मिथ अँड वेसनने मात्र घाई केली नाही. 1947 मध्ये एक्स-41 आणि एक्स-42 असे दोन प्रायोगिक नमुने तयार झाले आणि त्यानंतर प्रत्यक्ष विक्रीपर्यंत दहा वर्षे गेली. महायुद्ध नुकतेच संपलेले, कार्ल हेलस्ट्रॉम कंपनीच्या प्रमुखपदी नुकतेच आलेले, नवा कारखाना उभा राहत असलेला, आणि रिव्हॉल्व्हरवर नाव मिळवलेल्या या घराला स्वयंचलित पिस्तुलाचे तंत्र अजून अंगवळणी पडायचे होते. ही दहा वर्षे वाया गेली नाहीत, हे पिस्तूल उघडून पाहिले की पटते.

ते उघडण्याची रीतच त्याची ओळख करून देते. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचे, चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करायची, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची आणि चापाभोवतीची कमान पुढच्या टोकाशी धरून खाली खेचायची. नळीला जखडून ठेवणारी पकड सुटते आणि संपूर्ण नळी सरळ वर उचलून हातात घेता येते. पेचकस लागत नाही, हातोडी लागत नाही. हातात आलेल्या नळीच्या मागच्या अंगाला एक लांब पट्टी बाहेर निघालेली दिसते आणि मागच्या टोकाला सूक्ष्म फिरकीने जुळवता येणारी खाच त्या पट्टीवर बसवलेली असते. पिस्तूल जोडलेले असताना ही पट्टी स्लाइडच्या वर स्थिर राहते आणि स्लाइड तिच्याखालून मागेपुढे धावते.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, पण सारे मर्म तिच्यातच आहे. नेहमीच्या स्वयंचलित पिस्तुलात माशी आणि खाच स्लाइडवर असतात आणि नळी वेगळी असते. प्रत्येक गोळीनंतर स्लाइड धावून परत जागेवर बसते, आणि तिच्या बसण्यात केसभर फरक पडला तरी नेमाची रेषा आणि नळीची रेषा एकमेकींपासून ढळतात. मॉडेल 41 मध्ये माशी, खाच आणि नळी हे एकच अंग आहे, म्हणून डोळ्याला जे दिसते तिकडेच नळीचे तोंड असते. मुठीचा कल सुमारे 105 अंशांचा, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या .45 च्या सरकारी पिस्तुलासारखा ठेवला गेला, त्यामुळे एकाच सामन्यात .22 खाली ठेवून .45 उचलणाऱ्या नेमबाजाचे मनगट त्याच ओळखीच्या कोनात राहते. सामन्याच्या नियमांनी विचारलेल्या प्रश्नांना लोखंडात दिलेली ही उत्तरे आहेत, आणि हे पिस्तूल जवळ बाळगणाऱ्यांना ती हाताला जाणवतात असे मला वाटते.

सुरुवातीला त्याला 7⅜ इंचांची नळी आणि तिच्या तोंडाशी उसळी आवरणारा जोड असे. पुढे साडेपाच इंची जड नळी आली आणि बहुतेक नेमबाजांनी तीच आपलीशी केली. नंतर सात इंची नळीही मिळू लागली. .22 शॉर्ट काडतूस वापरणाऱ्या ऑलिंपिक प्रकारासाठी 41-1 ही हलक्या स्लाइडची आवृत्ती 1960 च्या सुमारास निघाली, पण ती हजारेकच बनली. कमी खर्चात तेच यंत्र देणारे साध्या रूपातले मॉडेल 46 आले आणि साठच्या दशकातच बंदही पडले. लोकांना बहुधा स्वस्त आवृत्ती नकोच होती, हा निष्कर्ष मला टाळता येत नाही. आज ही दोन्ही भावंडे संग्राहक शोधत फिरतात.

या पिस्तुलाचे गुण सांगताना त्याचा हट्टीपणाही सांगायला हवा, कारण मालकांच्या गप्पांत तो पहिल्यांदा निघतो. चेंबर तंग आहे. गोळीवरचे मेण आणि दारूची काजळी साचली की पुढचे काडतूस पुरते आत बसत नाही, स्लाइड किंचित उघडी राहते आणि अंगठ्याने ढकलून ती मिटवावी लागते. वेगवान काडतुसे त्याला मानवत नाहीत. सेकंदाला सुमारे 1070 फूट वेगाच्या, स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणवणाऱ्या काडतुसांवर ते उत्तम चालते. स्लाइडची स्प्रिंग किती ताकदीची असावी यावर दोन अनुभवी मालकांचे एकमत होणे कठीण. बाहेरच्याला हा त्रास वाटेल. पण तंग चेंबरमुळेच प्रत्येक काडतूस नळीच्या मध्याशी नेमके जुळून बसते, आणि पन्नास यार्डांवरची छिद्रे एकमेकांना चिकटून पडतात ती त्यामुळे.

जुन्या प्रतिस्पर्ध्यांपैकी दोघे मैदानातून गेले. कोल्टने 1977 मध्ये वुड्समनचे उत्पादन थांबवले. हाय स्टँडर्डने त्याच सुमारास हॅम्डेन येथील जुना कारखाना सोडला आणि 1984 मध्ये मूळ कंपनी बंद झाली. आज त्या पिस्तुलांचे जाणकार नळीवर हॅम्डेन हे गावाचे नाव कोरलेले आहे की नाही ते आधी पाहतात. मॉडेल 41 मात्र साठ वर्षांहून अधिक काळ बनत राहिले. काही बारकावे मधल्या काळात गळाले. पिस्तूल ताणलेले, म्हणजे झाडायला सज्ज, आहे हे सांगणारी, मागच्या बाजूने डोकावणारी बारीक पिन त्यांपैकीच एक, आणि तिच्यावरून जुने पिस्तूल ओळखणारे लोक तिच्याविषयी अजून हळहळतात. आराखडा मात्र तोच राहिला, त्यामुळे जुन्या सांगाड्यावर नवी नळी बहुतांशी सहज बसते.

याचा खरा लाभ दिसला तो लाल ठिपक्याचे इलेक्ट्रॉनिक साइट (नेम धरण्याचे साधन) बुल्सआय सामन्यांत रूढ झाले तेव्हा. इतर अनेक पिस्तुलांत असे साइट स्लाइडवर बसवले तर धावणाऱ्या भागाचे वजन वाढते आणि .22 च्या क्षीण धक्क्याला ते ओझे झेपत नाही. मॉडेल 41 ची पट्टी हलतच नसल्यामुळे तिच्यावर कितीही वजन ठेवले तरी यंत्राच्या गतीत फरक पडत नाही. कंपनीने पुढच्या नळ्यांवर त्यासाठी आटे पाडलेली छिद्रे तयार देण्यास सुरुवात केली. म्हणून अनेक मालकांच्या पेटीत आता एकाच पिस्तुलाच्या दोन नळ्या आढळतात. एक जुनी, चकचकीत निळसर काळ्या झिलईची, माशी आणि खाच असलेली, तर दुसरी साडेपाच इंची, जिच्या पट्टीवर ठिपक्याचे साइट कायमचे घट्ट बसवलेले असते. कमान खाली खेचायची, एक नळी उचलायची, दुसरी ठेवायची. दोन्हींचा नेम आपापल्या जागी जसाच्या तसा असतो.