आपल्या कपाटातलं पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचकाला कसं सापडतं?

संगणकीकरणासाठी आमच्याकडे येणारे कार्यवाह आणि ग्रंथपाल बहुधा पहिला प्रश्न देवघेवीचाच विचारतात. देवघेव सोपी होतेच. पण पुस्तकांच्या नोंदी नीट झाल्या की त्या संयुक्त सूचीत देता येतात, आणि आमच्या मते खरा लाभ तिथे आहे. हे पत्रक त्यासाठी.

संयुक्त सूची म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकाच ठिकाणी. पुस्तकाची नोंद एक, आणि तिच्याखाली ते कुठल्या कुठल्या ग्रंथालयात आहे त्याची यादी. पुस्तकं आपापल्या कपाटातच राहतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या 54 महाविद्यालयांनी 1967 साली यासाठी एक संस्था काढली. आजची जगभरची वर्ल्डकॅट सूची त्यातूनच वाढली. आपल्याकडे दिल्लीत 1988 साली सुरू झालेल्या डेलनेटमार्फत सभासद ग्रंथालयं एकमेकांकडून पुस्तकं मागवतात. विद्यापीठांच्या ग्रंथसंग्रहांची सूची गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने केली आहे. तिचं नाव इंडकॅट, आणि ती कुणालाही विनामूल्य पाहता येते.

मराठीत ही धडपड जुनी आहे. संगणकाच्या कितीतरी आधी शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1950 या दीडशे वर्षांतल्या मराठी पुस्तकांची सूची दोन भागांत केली. जुन्या पुस्तकाबद्दल शंका आली की आम्ही आजही आधी तीच उघडतो.

सूचीत असल्याने काय होतं? महागडा संदर्भग्रंथ जवळच्या ग्रंथालयात आहे हे कळलं, तर तेच पैसे दुसऱ्या पुस्तकाला लावता येतात. कुणी आधी केलेली नोंद जशीच्या तशी उतरवून घेता येते, फक्त आपला दाखल क्रमांक घालायचा. इंग्रजी पुस्तकांना हे बरंच लागू पडतं. जुन्या मराठी पुस्तकाची तयार नोंद मात्र अनेकदा मिळतच नाही. ती पहिल्यांदा आपल्याला करावी लागते, मग पुढच्यांचे कष्ट वाचतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाद करायची पुस्तकं. पानं तुटू लागली, वीस वर्षांत कुणी नेलं नाही, म्हणून पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात जातं. इतर किती ठिकाणी त्याच्या प्रती आहेत हे आधी पाहिलं, तर ते बाद करायचं की बाइंडिंग करून ठेवायचं हे कळतं. दुसरी प्रत कुठेच दिसली नाही तर कृपया थांबा. सूचीत नसलेली प्रत कुठेतरी असूही शकते, पण त्या भरवशावर पुस्तक फेकू नये.

आता नोंदीबद्दल थोडं सविस्तर, कारण गफलत तिथेच होते. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘शके 1815’ छापलेलं असतं. घाईत नुसतं 1815 टाकलं की पुस्तक 78 वर्षं मागे जातं. खरं साल 1893, आणि शके वर्ष चैत्रात बदलतं म्हणून कदाचित 1894. आम्ही छापलेला शक तसाच ठेवतो आणि शेजारी इसवी सन देतो. शीर्षकात ‘कांहीं’ असेल तर तेही तसंच उतरवायचं, पण आजचा वाचक ‘काही’ टाइप करून शोधणार. म्हणून मार्क 21 या नोंदपद्धतीत मूळ शीर्षक 245 क्रमांकाच्या रकान्यात आणि आजच्या लेखनातलं 246 मध्ये घालतो. लेखकाच्या नावाचंही तसंच. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हे एकच गृहस्थ आहेत हे संगणकाला सांगावं लागतं, नाहीतर त्यांची नाटकं, कविता आणि विनोदी लेख तीन माणसांच्या नावावर पडतात. आणि सगळं युनिकोडमध्येच हवं. जुन्या फॉन्टमधली यादी कागदावर मराठी दिसते, पण दुसऱ्या संगणकावर शोधायला गेलं की त्यातलं काहीच सापडत नाही.

आमच्या कामात आम्ही कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणकप्रणाली वापरतो. ती न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली, आणि माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. प्रणालीचे पैसे पडत नाहीत, आमचा आकार फक्त नोंदी आणि प्रशिक्षणाचा. पुढेमागे दुसऱ्या कुणाकडे काम द्यावंसं वाटलं तरी नोंदी आपल्याच आहेत, त्या मार्क 21 मध्ये पूर्ण काढून देऊ.

समितीत एक भीती नेहमी निघते: “नोंद दिली की पुस्तकं मागायला लोक येतील, ती परत आली नाहीत तर?” ही काळजी खरी आहे. पण संयुक्त सूचीत नोंद दिली म्हणून पुस्तक बाहेर पाठवलंच पाहिजे असं होत नाही. दुर्मीळ प्रत इथेच बसून वाचायची, किंवा हवी ती पानं स्कॅन करून पाठवायची, एवढंही पुरतं. कुठलं पुस्तक द्यायचं, टपालखर्च कुणी भरायचा, हे समितीने आधी लिहून ठेवावं. डेलनेटसारख्या ठिकाणी सभासद होताना त्यांचे नियम आम्ही आपल्याबरोबर बसून वाचू.

आम्ही येण्याआधी एवढं करून ठेवा: दाखल नोंदवह्या पहिल्यापासून काढून ठेवा, फाटक्यासुद्धा. 1950 च्या आधीची पुस्तकं वेगळ्या कपाटात लावा. आणि बाद करायचा गठ्ठा बांधलेला असेल, तर आम्ही पाहेपर्यंत तो रद्दीवाल्याला देऊ नका.